बंद पाडलेल्या पक्षाच्या मागण्या

नमस्कार, श्रोतेहो.

आज एका पक्षाची हकिगत सांगायची आहे. तो ७ जून १९९० ला स्थापन झाला आणि १४ जुलै १९९३ ला तुर्कस्तानच्या संविधान न्यायालयाच्या निकालानं संपला. जेमतेम तीन वर्षं. तुर्की भाषेत नाव ‘हल्कन एमेक पार्टिसी’, म्हणजे जनतेचा श्रम पक्ष. आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘हेप’ म्हणत. पक्ष कुर्दांचा, पण नावात कुर्द कुठेच नाही. घालायची सोयच नव्हती.

का नव्हती, हे कळायला आधी आपल्याच माध्यमाकडे, रेडिओकडे वळू. १९५५ मध्ये सोव्हिएत आर्मेनियाच्या येरेवान केंद्रावरून कुर्दी कार्यक्रम सुरू झाले. सीमेच्या अलीकडे, पूर्व तुर्कस्तानातल्या गावांतली माणसं संध्याकाळी दारं लावून, आवाज बारीक करून ते ऐकायची. त्यात जुनी गाणी असत, बातम्या असत. राजकारणासाठी जीव टाकावा असं त्यात फारसं नसे. पण स्वतःच्या देशाच्या रेडिओवर स्वतःची भाषा एकदाही ऐकू येत नसेल, तर शेजारच्या देशातून आलेलं एखादं लग्नाचं गाणंसुद्धा माणूस कान देऊन ऐकतो.

तुर्की प्रजासत्ताक १९२३ चं. त्याच वर्षी लोझानचा तह झाला आणि अल्पसंख्य कोण ते ठरलं: मुसलमान नसलेले. व्यवहारात ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू. कुर्द बहुतेक मुसलमान, म्हणून त्या यादीत नाहीत. भाषेवरून अल्पसंख्य असणं हा प्रकारच तिथल्या कायद्याला मान्य नव्हता. कुर्दांची संख्या देशाच्या लोकसंख्येत साधारण पाचव्या हिश्श्याच्या आसपास धरतात. नेमकी किती, हे खात्रीनं सांगता येत नाही, कारण मातृभाषेचे आकडे जाहीर झाले ते शेवटचे १९६५ च्या जनगणनेत.

मग आलं १९८० चं लष्करी बंड. आग्नेयेकडच्या दियारबाकर या कुर्दबहुल शहरातल्या लष्करी तुरुंगात त्या काळात जे झालं, त्याची वर्णनं मी इथं वाचणार नाही. एकच गोष्ट सांगतो. भेटीच्या वेळी कुर्दी बोलायला मनाई होती. खेड्यांतून आलेल्या कितीतरी आयांना तुर्की येत नव्हतं. त्या जाळीपलीकडच्या मुलाकडे नुसत्या बघत बसायच्या आणि वेळ संपली की उठून जायच्या. त्या पिढीतले जे तरुण तिथून बाहेर पडले, त्यांतले काही बंदूक घेऊन डोंगरात गेले आणि काही राजकारणात आले.

लष्करानं जाताना दोन कायदे मागे ठेवले. दोन्ही १९८३ चे. पहिला, क्रमांक २९३२. त्यात कुर्दी भाषेचं नावसुद्धा नाही. तुर्कस्ताननं मान्यता दिलेल्या एखाद्या देशाची जी पहिली अधिकृत भाषा नाही, अशा कुठल्याही भाषेत विचार मांडायला, छापायला, प्रसारित करायला बंदी. इराकमध्ये कुर्दीला मान होता, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. म्हणून ‘पहिली’ हा शब्द. मसुदा लिहिणाऱ्याच्या हुशारीला दाद द्यावी की त्या हुशारीची शिसारी यावी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

दुसरा राजकीय पक्षांचा कायदा, क्रमांक २८२०. त्याचं ८१ वं कलम म्हणतं की तुर्कस्तानात वंश, धर्म, पंथ किंवा भाषा यांवर आधारलेले अल्पसंख्य आहेत, असा दावा कुठल्याही पक्षाला करता येणार नाही. तुर्कीखेरीज इतर भाषेचं रक्षण करून अल्पसंख्य निर्माण करण्याचा हेतू ठेवता येणार नाही. पक्षाची घटना, कार्यक्रम, सभा, फलक, सगळं तुर्कीतच हवं. म्हणजे अल्पसंख्याकांचे हक्क मागणं हा पुढचा गुन्हा झाला. अल्पसंख्य आहेत एवढं म्हटलं तरी पक्ष बेकायदा ठरत होता.

या कोंडीत हेप जन्माला आला, आणि जन्माचं कारण होतं पॅरिसची एक परिषद. ऑक्टोबर १९८९ मध्ये तिथल्या कुर्दी संस्थेनं कुर्दांची सांस्कृतिक ओळख आणि मानवी हक्क या विषयावर परिषद भरवली. तुर्कस्तानच्या सोशल डेमॉक्रॅट पक्षाचे, म्हणजे एसएचपीचे, सात कुर्द खासदार तिला गेले. पक्षानं सातही जणांना काढून टाकलं. त्यांत अहमेत त्युर्क होते. कुर्दांच्या या नेत्याचं आडनाव चक्क ‘तुर्क’, हा १९३४ च्या आडनाव कायद्याचा प्रताप. हे नाव लक्षात ठेवा. आणखी एक नाव ठेवा: त्या वेळचे एसएचपीचे सरचिटणीस देनिझ बायकाल. गंमत बघा, याच पक्षानं पुढच्याच जुलैमध्ये एक अहवाल काढला, आणि त्यात कुर्दी भाषेवरची बंधनं उठवा असं सुचवलं. माणसं हाकलून झाल्यावर त्यांचं म्हणणं छापलं!

काढलेल्यांपैकी काही आणि त्यांच्या सोबतीनं बाहेर पडलेले काही जण एकत्र आले आणि हेप झाला. अध्यक्ष फेहमी इशक्लार, जुने कामगार पुढारी. संस्थापकांत मुसा अंतेर होते, सत्तरीचे लेखक, कुर्दी लिहिण्याबोलण्यासाठी आयुष्यभर तुरुंगाच्या वाऱ्या केलेले. सुरुवातीला पक्षाला आपण सगळ्या देशाचा डावा पक्ष व्हावं असं वाटत होतं. कामगार, बेकार, लहान शेतकरी ही भाषा कार्यक्रमात भरपूर होती. कुर्दांचा प्रश्न शांततेनं, लोकशाही मार्गानं आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यांना धरून सोडवावा, असं सावधपणे लिहिलेलं होतं. पण पश्चिमेकडच्या शहरांत पक्षाला फारसं कुणी विचारलं नाही आणि आग्नेयेकडच्या गावांत लोक लोटले. वर्षभरात तो कुर्दांचा पक्ष झाला. कुणी ठरवून नव्हे, लोकांनीच केला.

मागण्या काय होत्या? मातृभाषेत शिकू द्या. कुर्दीत वर्तमानपत्रं, रेडिओ, दूरचित्रवाणी चालू द्या. आग्नेयेच्या प्रांतांत १९८७ पासून आणीबाणी लागू होती आणि एका विभागीय गव्हर्नराच्या हाती माणसांना हद्दपार करण्यापर्यंत अधिकार होते. ती आणीबाणी उठवा. गावातल्याच माणसांना पगार आणि बंदुका देऊन सरकारी रक्षक करण्याची पद्धत १९८५ पासून होती, ती बंद करा, कारण ती भावाला भावावर सोडते. कुर्द नावाचा समाज इथं आहे हे संविधानात येऊ द्या. काही नेते स्वयंनिर्णयाचीही भाषा बोलत. त्यावर पुढे फार काथ्याकूट झाला.

इथं एक पेच सांगायला हवा, तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटतो. सरकार म्हणत होतं, कुर्द अल्पसंख्य नाहीत. ते बरोबरीचे नागरिक आहेत, मंत्री होतात, सेनापती होतात. आणि बरेचसे कुर्द नेतेही म्हणत होते, आम्ही अल्पसंख्य नाही. आम्ही या प्रजासत्ताकाच्या पायाभरणीतले भागीदार आहोत, आम्हाला उपकाराच्या यादीत बसवू नका. वाक्य एकच, पण एकाला त्यातून प्रश्न मिटवायचा होता आणि दुसऱ्याला मोठा करायचा होता. हेपचा सगळा कार्यक्रम या फटीत उभा होता. हक्क अल्पसंख्याकांचे मागायचे, पण अल्पसंख्य म्हणवून घ्यायचं नाही. कायद्यानं म्हणता येत नाही आणि मनानंही म्हणावंसं वाटत नाही.

बोलण्याची किंमत लवकरच कळली. पक्षाचे दियारबाकरचे प्रांताध्यक्ष वेदात आय्दन ऑक्टोबर १९९० मध्ये अंकाराला मानवी हक्क संघटनेच्या अधिवेशनात कुर्दीतून बोलले आणि त्यासाठी अटकेत गेले. जुलै १९९१ मध्ये स्वतःला पोलिस म्हणवणाऱ्या माणसांनी त्यांना रात्री घरातून नेलं. दोन दिवसांनी प्रेत मिळालं. अंत्ययात्रेला हजारो लोक आले, गर्दीवर गोळीबार झाला आणि आणखी माणसं मेली. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये, मुसा अंतेर यांना दियारबाकरमध्ये गोळ्या घातल्या. ‘अज्ञात मारेकरी’ हा शब्दप्रयोग त्या वर्षांत तिथं इतका रुळला की मारेकरी कोण, हे न विचारताही लोकांना समजत असे.

दरम्यान २० ऑक्टोबर १९९१ ची निवडणूक आली. देशभरात १० टक्के मतं मिळाल्याशिवाय संसदेत प्रवेश नाही, असा नियम होता. प्रादेशिक पक्षाला दार बंदच. म्हणून हेपनं समझोता केला, आणि कुणाशी? ज्यानं हाकललं त्याच एसएचपीशी. नेते एर्दाल इनोन्यु तयार झाले. त्यांच्या यादीवरून हेपचे वीसएक खासदार निवडून आले. राजकारणात असं चालतं. आपल्याला महाराष्ट्रात हे समजावून सांगायची गरज नाही.

६ नोव्हेंबरला शपथविधी. तीस वर्षांच्या लेयला झाना व्यासपीठावर आल्या. तुर्की संसदेतली पहिली कुर्द स्त्री. नवरा मेहदी झाना, दियारबाकरचा माजी महापौर, बंडानंतर अनेक वर्षं तुरुंगात. त्याच्या भेटीसाठी तुरुंगाच्या दारात उभं राहता राहता ही बाई राजकारणात आली. केसांना बांधलेल्या पट्टीत लाल, पिवळा आणि हिरवा हे कुर्दांचे रंग होते. शपथ त्यांनी तुर्कीतच घेतली, कायद्यात लिहिल्याप्रमाणे. मग शेवटी कुर्दीत एक वाक्य जोडलं: तुर्की आणि कुर्दी जनतेच्या बंधुभावासाठी मी ही शपथ घेते. सभागृहात बाकं वाजली, ‘फुटीर’, ‘देशद्रोही’ असा आरडाओरडा झाला. त्याआधी हातिप दिजले यांनी ही शपथ आपण संविधानाच्या दबावाखाली घेत आहोत असं म्हणून सभागृह तापवलेलं होतंच.

दिल्लीत आपले खासदार मराठीत शपथ घेतात. आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत घेता येते, आणि टीव्हीवर ते बघताना आपल्याला फार तर कौतुक वाटतं. कलम २९ आणि ३० भाषिक अल्पसंख्याकांना संस्कृती जपायचा आणि शाळा चालवायचा हक्क देतात, ३५० अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणतं. बेळगावच्या मराठी माणसाला विचारलं तर तो या कलमांच्या अंमलबजावणीबद्दल बरंच कडू बोलेल, आणि सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. पण महाराष्ट्र एकीकरण समिती निवडणुका लढवते, तिचे आमदार पूर्वी कर्नाटकच्या विधानसभेत बसून गेलेले आहेत, आणि ‘इथं मराठी भाषिक आहेत’ एवढं म्हणण्यासाठी तिच्यावर बंदी आलेली नाही. भारताचं सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. काश्मीर किंवा नागालँडचा इतिहास काढला तर आपल्यालाही मान खाली घालावी लागेल. तरी कायद्याच्या पुस्तकातला हा फरक मोठा आहे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर ही एकतर्फी कैफियत होईल. १५ ऑगस्ट १९८४ पासून पीकेके ही कुर्दांची सशस्त्र संघटना सरकारशी लढत होती. सैनिक मरत होते, शिक्षक मरत होते, गावकरी मरत होते. या संघर्षात एकूण चाळीस हजारांवर माणसं गेली असं मानतात. हेपचे मतदार आणि पीकेकेचे सहानुभूतीदार अनेकदा एकाच घरातले. पक्षाचे नेते त्या संघटनेचा स्पष्ट निषेध करायला तयार नव्हते. केला असता तर मतदार तुटले असते. केला नाही म्हणून अंकारात त्यांच्याकडे संशयानं बघितलं गेलं. पश्चिमेतल्या एखाद्या तुर्की घरात मुलाची शवपेटी आली असेल, त्या घराला बंधुभावाचं ते वाक्य ऐकू आलं नसेल, तर त्या घराला मी दोष देणार नाही. माझी तक्रार न्यायालयाबद्दल आहे. न्यायालयाचं काम शवपेटी आणि भाषण यांत फरक करण्याचं असतं.

एक थोडा वेळ असाही आला होता की काही जमेल. एप्रिल १९९१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओझाल यांच्या काळात तो २९३२ क्रमांकाचा कायदा रद्द झाला. डिसेंबरमध्ये नवे पंतप्रधान देमिरेल दियारबाकरला गेले आणि कुर्दी वास्तव आपण मान्य करतो असं जाहीरपणे म्हणाले. तीन महिन्यांनी, मार्च १९९२ च्या नवरोजला, म्हणजे कुर्दांच्या वसंताच्या सणाला, जिझ्रे, शर्नाक, नुसायबिन या गावांत सुरक्षा दलांच्या गोळीबारात डझनावारी माणसं मेली. एसएचपी सरकारात भागीदार होता. हेपच्या बहुतेक खासदारांनी त्या पक्षाचा राजीनामा दिला आणि समझोता संपला.

जुलै १९९३ च्या निकालात न्यायालयानं हेप बंद केला. देशाची आणि राष्ट्राची अखंडता मोडण्याचा प्रयत्न, हे कारण. पक्षाची मालमत्ता सरकारजमा.

नेत्यांना हे येणार हे दिसत होतं, म्हणून दुसरा पक्ष, डीईपी, मे महिन्यातच काढून ठेवला होता. त्याचे खासदार मेहमेत सिंजार यांचा सप्टेंबर १९९३ मध्ये बात्मान शहरात भरदिवसा खून झाला. मार्च १९९४ मध्ये संसदेनं खासदारांचं संरक्षण काढून घेतलं आणि दिजले व ओरहान दोआन यांना पोलिसांनी संसदेच्या आवारातून उचललं. जूनमध्ये तो पक्षही बंद झाला. लेयला झानांसह चौघांना पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पुढे एचएडीईपी, तो २००३ मध्ये बंद. मग डीटीपी, तो २००९ मध्ये बंद. पाटी बदलायची आणि त्याच बिऱ्हाडात पुन्हा राहायला जायचं, असं हे दोन दशकं चाललं.

९ एप्रिल २००२ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं हेपच्या प्रकरणात निकाल दिला. अर्जदार फेरिदुन याझार आणि त्यांचे सहकारी. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: स्वयंनिर्णय किंवा भाषेचे हक्क मागणं लोकशाहीच्या तत्त्वांविरुद्ध नाही. या मागण्या सशस्त्र संघटनाही करते म्हणून मागणाऱ्या प्रत्येकाला दहशतवादाचा समर्थक ठरवलं, तर लोकशाही चर्चेला जागाच राहणार नाही आणि ते मुद्दे त्या सशस्त्र संघटनांच्याच ताब्यात जातील. संघटन स्वातंत्र्याचा भंग झाला, असा निर्णय. तोवर पक्ष बंद होऊन जवळजवळ नऊ वर्षं झाली होती. अशा निकालाचं करायचं काय? कपाटात ठेवायचं.

आणि इथून पुढे ही गोष्ट अशा वळणावर जाते की मला ती आज सांगावीशी वाटली. हेपच्या मागण्या हळूहळू मान्य होत गेल्या. हेपला किंवा त्याच्या वारसांना न विचारता. नोव्हेंबर २००२ मध्ये आणीबाणी पूर्ण उठली. युरोपीय संघात शिरायचं होतं, त्यासाठी कायदे बदलायला लागले. ९ जून २००४ ला सरकारी दूरचित्रवाणीनं कुर्दीत पहिला कार्यक्रम दाखवला, आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाच्या आसपास. त्याच दिवशी, हो, त्याच तारखेला, लेयला झाना आणि तिघे सहकारी दहा वर्षांनी तुरुंगातून बाहेर आले. १ जानेवारी २००९ ला चोवीस तास कुर्दी सरकारी वाहिनी सुरू झाली. त्यानंतर दोनच महिन्यांत अहमेत त्युर्क संसदेतल्या आपल्या पक्षाच्या बैठकीत कुर्दीत बोलू लागले, तर सरकारी वाहिनीनं थेट प्रक्षेपण तोडलं. सरकारनं बोललेली कुर्दी चालते, कुर्दानं बोललेली चालत नाही, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला आणि मला तो चुकीचा वाटत नाही. २०१२ पासून शाळेत आठवड्याला दोन तास कुर्दी हा ऐच्छिक विषय आला. तुर्की वर्णमालेत नसलेली, पण कुर्दीला लागणारी क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही अक्षरं २०१३ पर्यंत सरकारी कागदावर चालत नव्हती. नवरोजच्या निमंत्रणावर डब्ल्यू छापला म्हणून खटले भरले गेले. २०१४ मध्ये निवडणूक प्रचारात इतर भाषा वापरायला परवानगी मिळाली.

वारस पक्षांनी मधल्या काळात कार्यक्रम रुंद केला. हक्क फक्त कुर्दांचे राहिले नाहीत. २०११ मध्ये मार्दीनमधून एरोल दोरा निवडून आले, पहिले असिरियन ख्रिस्ती खासदार. ख्रिस्ती असूनही लोझानच्या व्यवहारातल्या यादीत ज्यांना जागा मिळाली नव्हती, त्या समाजाचे. प्रत्येक पदावर एक स्त्री आणि एक पुरुष ही पद्धत रुळली. जून २०१५ मध्ये या वारसांतल्या एचडीपीनं १३ टक्के मतं घेऊन तो दहा टक्क्यांचा उंबरठा ओलांडला, ८० जागा मिळवल्या. पुढच्या वर्षी त्याचे सहअध्यक्ष देमिर्ताश तुरुंगात गेले आणि २०२१ मध्ये त्याही पक्षावर बंदीचा दावा दाखल झाला.

नोव्हेंबर २०१५ ला लेयला झाना पुन्हा शपथेला उभ्या राहिल्या, चोवीस वर्षांनी. आधी कुर्दीत शांततेचं एक वाक्य. मग शपथेत ‘तुर्की राष्ट्र’ च्या ऐवजी त्यांनी ‘तुर्कस्तानचं राष्ट्र’ म्हटलं. सर्वांत वयस्क सदस्य म्हणून अध्यक्षस्थानी होते देनिझ बायकाल, एसएचपीचे तेच जुने सरचिटणीस. शपथ पुन्हा घ्या, ते म्हणाले. झाना परत आल्या नाहीत. शपथ अपुरी धरली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये गैरहजेरीसाठी त्यांची खासदारकी काढून घेतली.

अहमेत त्युर्क मार्दीनचे महापौर म्हणून निवडून येत राहिले आणि काढले जात राहिले: २०१६, २०१९ आणि नोव्हेंबर २०२४. त्या तिसऱ्या वेळेनंतर चार महिने व्हायच्या आत, २७ फेब्रुवारी २०२५ ला, इस्तंबूलमध्ये पत्रकारांसमोर पीकेकेचे तुरुंगातले नेते ओजालान यांचं शस्त्रं खाली ठेवण्याचं आवाहन वाचून दाखवण्यात आलं. तुर्की मजकूर दुसऱ्यांनी वाचला. कुर्दी मजकूर ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांच्या त्युर्क यांनी वाचला. मे महिन्यात पीकेकेनं विसर्जन जाहीर केलं. संविधानाचं ४२ वं कलम, तुर्कीखेरीज कुठलीही भाषा मातृभाषा म्हणून शाळेत शिकवता येणार नाही असं सांगणारं, तेव्हाही पुस्तकात होतं तसंच होतं.

नमस्कार.